चौक, कुंड आणि बाग : विद्यापीठाच्या आवारातली चालण्याची जागा

 

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की हा वास्तुविशारदांचा किंवा फार तर माळीकामाचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की विद्यापीठाला ज्ञानाबद्दल नेमकं काय वाटतं, हे त्याच्या घोषवाक्यात शोधू नये. दोन इमारतींच्या मध्ये जी मोकळी जागा सुटते, तिथं ते सापडतं. त्या जागेत मोटारी उभ्या आहेत की माणसं बसली आहेत? बागेला तारेचं कुंपण आहे की झाडाला पार आहे? मुलींना संध्याकाळी सात वाजता तिथून निर्धास्त चालत जाता येतं का? मला हे ज्ञानशास्त्राचेच प्रश्न वाटतात. आणि आपल्या नगरमध्ये ते आज विचारण्याला कारण आहे. पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र आपल्या बाबुर्डी घुमटला आहे. नवं आवार घडत असताना हा विचार केला तर त्याचा उपयोग होतो. सगळीकडे सिमेंट ओतून झाल्यावर केला तर ती नुसती हळहळ.

सुरुवात जरा लांबून करू. प्लेटोनं इसवी सनापूर्वी 387 च्या सुमारास अथेन्सच्या वेशीबाहेर आपली अकादमी सुरू केली, ती एका राईत. अकादमस नावाच्या वीरपुरुषाच्या नावानं ती राई ओळखली जायची. आज आपण संगीताची अकादमी म्हणतो, पोलिसांची म्हणतो, तो शब्द मूळचा झाडांच्या जागेचा आहे. ॲरिस्टॉटलच्या शाळेला तर नावच 'पेरिपॅटोस'वरून मिळालं. पेरिपॅटोस म्हणजे चालण्याची वाट, फिरण्याची जागा. स्टोइक मंडळींचं नाव 'स्टोआ'वरून आलं. स्टोआ म्हणजे बाजारचौकाच्या कडेची खांबांची पडवी. एपिक्युरसनं शाळा काढली तिला लोक 'बाग' म्हणत, आणि त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. म्हणजे बघा, राई, वाट, पडवी आणि बाग. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या चार मोठ्या परंपरांची ओळख जागेवरून झाली. विचार करायला माणसाला छप्पर लागतंच असं नाही, पण सावली लागते आणि सोबत लागते.

आपल्याकडे हे नव्हतं असं कुणी समजू नये. पाली ग्रंथांत 'चंकम' हा शब्द येतो, संस्कृतात 'चंक्रम'. भिक्षूनं ये-जा करत चिंतन करण्याची ती आखलेली वाट. बुद्धगयेला बोधिवृक्षाजवळ अशी चंक्रमाची जागा आजही दाखवतात. आणि विहाराची रचना आठवा : मध्ये चौक, भोवती ओवरी, ओवरीच्या मागे खोल्या. नालंदेच्या उत्खननात हाच आराखडा एकामागून एक दिसतो. खोली एकट्याच्या अभ्यासासाठी, चौक वादासाठी. 'वाद' मी इथं न्यायशास्त्रातल्या अर्थानं म्हणतोय. तत्त्व समजून घेण्यासाठी केलेली चर्चा. भांडण नव्हे! खोलीतून बाहेर पडलेला माणूस चौकातून गेल्याशिवाय कुठंच जाऊ शकत नाही, ही त्या आराखड्यातली खरी युक्ती. गाठभेट योगायोगावर सोडलेली नाही, ती आखून ठेवलेली आहे.

आता आपल्या नगरकडे येऊ. या शहराचा जन्मच एका बागेशी जोडलेला आहे. 1490 मध्ये मलिक अहमदनं बहामनी सेनापती जहांगीर खानाचा इथं पराभव केला. ती लढाई 'बागेची लढाई' म्हणूनच ओळखली जाते, कारण विजयाच्या जागी अहमद निजामशहानं महाल उठवला आणि बाग लावली. तिचं नाव बाग निजाम. पुढे त्या जागी भुईकोट किल्ला झाला, आणि जुन्या कागदांत किल्ल्याचं नाव 'कोट बाग निजाम' असं येतं. म्हणजे आधी बाग, मग किल्ला आणि भोवती शहर. पुढच्या शंभर वर्षांत इथं बागांची एक मालिकाच झाली : हश्त बिहिश्त बाग, बाग रौजा, फराह बाग. फराह बागेचा महाल 1583 मध्ये पुरा झाला. मोठ्या तलावाच्या मधोमध इमारत आणि तिथं जायला एक चिंचोळी वाट. आधी उभी राहिलेली इमारत मुर्तजा निजामशहाला पसंत पडली नाही, म्हणून ती उतरवून सलाबत खानाच्या देखरेखीखाली पुन्हा बांधवली, अशी हकिकत जुन्या इतिहासात आहे.

पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर पडणाऱ्या मुलखात हे कसं जमलं? खापरी नळांनी. आसपासच्या गावांतून, डोंगरांच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणून ते महालांत आणि हौदांत खेळवलं गेलं. त्या अभियंत्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तत्त्वज्ञानाच्या अंगानं एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. फराह बागेचा सगळा आराखडा एका माणसाच्या एकांतासाठी आहे. मुर्तजा निजामशहा दरबारातून अंग काढून घेऊन एकांतात राहणारा राजा होता. चहूबाजूंनी पाणी आणि यायला एकच वाट, म्हणजे नको असलेला माणूस येणारच नाही याची व्यवस्था. देखणी आहे, पण विद्यापीठाच्या चौकाच्या नेमकी उलट. आज तलावात पाणी नाही, महाल ओका उभा आहे. ज्या बागेचं पाणी फक्त सत्तेच्या हुकमावर येतं, ती बाग सत्तेबरोबर वाळते.

याच नगरच्या किल्ल्यात पुढं एक दुसरी बाग झाली, तिची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून इथं ठेवलं. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि इतर. मोठं अंगण, भोवती खोल्या. आराखडा विहाराचाच म्हणा ना, फक्त दाराला बाहेरून कुलूप! या मंडळींनी त्या अंगणात बाग करायला घेतली. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक नेहरूंनी 1944 मध्ये याच किल्ल्यात लिहिलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच या बागकामाचा उल्लेख आहे. माती निकस, दगडगोट्यांची; आणि खणताना खालून जुन्या भिंतींचे अवशेष लागत होते. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांतही या फुलझाडांचं वर्णन येतं. नरेंद्र देवांनी याच कैदेत 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाच्या अनुवादाचं काम केलं.

आता विचार करा. इमारत तुरुंगाची, ग्रंथालय अपुरं, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. पण एक अंगण होतं, लावलेली फुलं होती, आणि चालता चालता बोलायला त्या त्या विषयातला जाणकार माणूस होता. त्या तीनेक वर्षांत तिथं लिहिलं गेलेलं आज आपण विद्यापीठांत शिकवतो. मी याचा अर्थ असा घेतो की अंगण ही विद्येची ऐषाराम म्हणून केलेली सजावट नाही, ती तिची गरज आहे.

आता पुण्याला जाऊ, कारण नगरच्या महाविद्यालयांचं नातं त्या विद्यापीठाशी. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झालं आणि ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या निवासात गेलं. ती मुख्य इमारत 1864 ते 1871 या काळात बांधलेली. आवार 411 एकरांचं. गव्हर्नरची बाग ही इंग्रजी धर्तीची : रुंद हिरवळ, दुतर्फा मोठी झाडं, बग्गीसाठी वळणावळणाचा रस्ता. ही बाग पाहण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही. हिरवळीच्या पलीकडून मनोरा कसा दिसेल, याचा विचार आधी केलेला. 22 जून 1897 ला राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा सोहळा या गणेशखिंडीतच झाला, आणि तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. ज्या आवारात सामान्य माणूस फक्त माळी किंवा पट्टेवाला म्हणूनच शिरत होता, तिथं पन्नासएक वर्षांनी शेतकऱ्यांची मुलं प्रवेशअर्ज घेऊन गेली. इमारत तीच, हिरवळ तीच. पण गव्हर्नरच्या हिरवळीचं विद्यार्थ्यांच्या चौकात रूपांतर करायला नुसता नामफलक बदलून भागत नाही.

याच आवारात 1988 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन केली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. माझ्या मते, महाराष्ट्रात विद्यापीठाच्या आवारात मुद्दाम विचार करून आखलेल्या पायी फिरण्याच्या जागांपैकी ही सर्वांत अभ्यासण्यासारखी. रचना अशी : मध्यभागी जमिनीत उतरत गेलेला पायऱ्यांचा कुंड. त्यात पाणी नाही, गवत आणि दगड आहेत. दगड अशा रीतीनं मांडलेत की केंद्रापासून बाहेर फेकले गेल्यासारखे दिसावेत, म्हणजे विस्तारणारं विश्व. चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. उंच चौथऱ्यावर, हार घालायला शिडी लागेल असे हे पुतळे नाहीत. माणसांत वावरणारे वाटतात. भिंतींना खाली इथलाच काळा बसाल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. काळ्याच्या या चढत्या छटा अवकाशाच्या काळोखाकडे नेणाऱ्या. आवारात फुकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते हे ज्यानं डोळ्यांना दिसतं, तो.

कोरियांचं एक आवडतं सूत्र होतं : उघड्या आकाशाखालची जागा. आपल्या हवामानात वर्षातला बराच काळ माणूस उघड्यावर, नाहीतर अर्धवट छपराखाली सुखानं राहू शकतो. म्हणून अंगण, ओसरी, गच्ची याही खोल्याच समजाव्यात, असं ते मांडत. कुंडाची कल्पना त्यांनी आपल्या जुन्या देवळांच्या पुष्करणींवरून घेतली. तुमच्यापैकी जे अकोले तालुक्यात रतनवाडीला गेले असतील, त्यांनी अमृतेश्वराच्या देवळाजवळची पुष्करणी पाहिली असेल. पायऱ्या उतरल्या की आवाज बदलतो, वारा पडतो, माणूस आपोआप हळू बोलतो. खाली उतरणं म्हणजे रोजच्या गडबडीतून बाजूला होणं. आणि पायरी हे जगातलं सगळ्यात स्वस्त आणि लोकशाहीवादी आसन! खुर्ची एकाची असते. पायरीवर कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी घाट बांधले, महेश्वरचा घाट तर प्रसिद्धच आहे. घाट म्हणजे दुसरं काय? नदीकाठी उतरत्या पायऱ्यांचा चौकच.

पण आयुकाच्या कुंडाची नुसती स्तुती करून थांबलो तर अभ्यास अपुरा राहील. काळा दगड उन्हात तापतो, हे सांगायला खगोलशास्त्रज्ञ नको. एप्रिल-मेच्या दुपारी उघडा कुंड बसण्याजोगा नसतो. तेव्हा माणसं कडेच्या सावलीत सरकतात. संध्याकाळी आणि हिवाळ्यात मात्र तीच जागा उत्तम. म्हणजे धडा असा की कुंड एकटा पुरत नाही. त्याला लागून ओवरी हवी, आणि पश्चिमेच्या अंगाला मोठं झाड हवं. प्रतीकाचं काम दगड करील, दुपारचं काम मात्र वडालाच करावं लागेल.

आता पाण्याचा हिशोब मांडू, कारण नगर जिल्ह्यात बागेवर बोलायचं आणि पाण्यावर बोलायचं नाही, हे चालणार नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. समजा, इमारतीपुढं एक हजार चौरस मीटरची हिरवळ केली. उन्हाळ्यात ती हिरवी ठेवायची तर रोज पाचएक मिलिमीटर पाणी धरा. म्हणजे रोज पाच हजार लिटर. आता त्याच हजार चौरस मीटरवर वर्षभरात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला थेंबन् थेंब साठवला, तरी होतात पाच लाख लिटर. भागा. शंभर दिवस! म्हणजे वर्षाचा सगळा पाऊस ती हिरवळ शंभर दिवसांत पिऊन टाकणार, आणि पुढच्या दिवसांसाठी टँकर. आणि हे, एक थेंबही वाहून किंवा वाफ होऊन गेला नाही असं धरून. हिरवळ हा इंग्लंडच्या पावसाचा अलंकार आहे, तो माणदेशाच्या किंवा आपल्या गळ्यात शोभत नाही.

उलट तेवढ्याच जागेत कडुनिंब, करंज, चिंच, वड अशी झाडं लावली, पहिली तीन-चार वर्षं जगवली, तर पुढं ती आपलं आपण बघतात. त्यांच्याखाली फरसबंदी करायची तर सांधे उघडे ठेवून, म्हणजे पाणी मुरेल. उतार असा काढायचा की पावसाचं पाणी गटाराकडे न जाता झाडाच्या आळ्याकडे जाईल. यासाठी परदेशी तज्ज्ञ नकोत. नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. त्या गावानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस किती झाला त्यावर पीक ठरवायची शिस्त लावून घेतली. गाव करतं ते विद्यापीठाला का करता येऊ नये? राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. कोरडवाहू झाडांची माहिती त्यांच्याकडे मागितली तर मिळेल. बागेच्या फलकावर 'फुले तोडू नका' असं असतं. त्याच्या जोडीला 'या बागेला यंदा इतकं पाणी लागलं' असंही लिहावं. तो विद्यार्थ्यांसाठी रोजचा पाठ होईल.

वाटांचंही तसंच. आराखड्यात वाट काटकोनात जाते, माणूस तिरपा जातो. मग हिरवळीतून मळलेली पायवाट उमटते आणि व्यवस्थापन तिथं तार लावतं. पायवाट ही बेशिस्त नसते, ते लोकांनी पायांनी दिलेलं मत असतं. शहाणपणाचा मार्ग असा की पहिलं वर्ष माती तशीच ठेवावी, माणसं कुठून चालतात ते बघावं आणि दुसऱ्या वर्षी तिथं दगड बसवावेत. मोटारींचा तळ दारालगत न ठेवता आवाराच्या कडेला ठेवावा. तिथून चौकापर्यंत पाच मिनिटं सावलीतून चालावं लागलं तर कुलगुरूंनाही विद्यार्थी भेटतील. अर्थात ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी उतरण आणि वाहनाची सोय हवी. कुंडाच्या पायऱ्यांनाही पर्याय हवा. ज्या चौकात चाकाची खुर्ची जात नाही, तो चौक सगळ्यांचा नाही.

आणि आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो, ज्याच्यासाठी मी हा सगळा फेरा घेतला. 2014 पासून पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण जिथं घेतलं, त्यात नगरच्या मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेचं नाव येतं. फरारबाई अमेरिकन मराठी मिशनच्या. नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवायच्या. त्या शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार बळावला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. 1848 मध्ये पुण्यात शाळा निघाली. पुढची हकिकत तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेत जाताना रस्त्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जायचा.

आपण ही हकिकत त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण जरा जागेच्या दृष्टीनं बघा. त्यांना वर्गात अडवलं गेलं नाही. शाळेचं दार उघडं होतं, फळा होता, मुली होत्या. अडवलं ते वाटेवर. घरापासून वर्गापर्यंतचं ते अंतर पायी तुडवण्याचा बाईचा हक्क समाजाला मान्य नव्हता. पुढं 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. फुले दांपत्याच्या कार्यातले हे दोन प्रसंग, एक वाटेचा आणि एक पाण्याचा. पायवाट आणि हौद! विद्यापीठाचा चौक आखणाऱ्यांच्या हातात तरी दुसरं काय असतं?

म्हणून त्या नावाच्या विद्यापीठाच्या कुठल्याही आवाराला, पुण्याच्या असो की बाबुर्डी घुमटच्या, माझ्या मते एकच कसोटी लावावी. पारनेरच्या किंवा जामखेडच्या एखाद्या गावातून एसटीनं आलेली, आवारात एकाही माणसाची ओळख नसलेली मुलगी फाटकातून आत शिरते. पुढच्या तासाला अजून दोन तास आहेत. तिला बसायला जागा आहे का, जिथं काही विकत घ्यावं लागत नाही? प्यायला पाणी आणि जवळ स्वच्छतागृह आहे का? संध्याकाळी उजेड आहे का? ती पुस्तक उघडून बसली तर कुणी 'इथं का बसलीस?' असं विचारणार नाही ना? आणि शेजारच्या पायरीवर दुसऱ्या शाखेचं कुणी येऊन बसेल आणि बोलणं सुरू होईल, अशी काही शक्यता आपण आखून ठेवली आहे का? या प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील तर तो चौक चांगला, मग त्याला संगमरवर असो वा शहाबादी फरशी. नसतील, तर कारंजं कितीही उंच उडू द्या, ती आपली फराह बागच. तलावाच्या मधोमध, एकाच माणसासाठी.

वेळ संपत आली आहे, आणि प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं राखून ठेवायला सांगितलंय. तेव्हा इथंच थांबतो.